येनतुकूमला कोण शोधतं

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. निळं आंतरदेशीय पत्र होतं, शाळेत शिकलेलं गोल अक्षर, आणि मजकूर एवढाच:

"नमस्कार. तुमच्या वेबसाइटवर येनतुकूमच्या पानावर ज्या घराचा फोटो आहे ते घर माझं आहे. मी त्यात राहते. त्या दिवशी तुम्हीच आले होते काय, तेवढं कागदावर लिहून पोस्टाने पाठवा. माझ्या मुलाची सोयरीक त्यावर अडली आहे. वच्छला मोहुर्ले, मुक्काम येनतुकूम."

एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. पण त्या घरात मी गेलो होतो. चुलीत हात घालून पाहिला होता. तिथे कोणी राहत नव्हतं. त्या घरातच काय, त्या गावातच कोणी राहत नव्हतं.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, विहारात जातात, राजकारणात जातात. मला माणसांशी बोलायचा संकोच, म्हणून मी रिठांच्या मागे लागलो. एकेकाळी वस्ती होती, आता नाही, पण महसुलाच्या दप्तरात नाव शिल्लक आहे, अशा गावाला आमच्याकडे रिठ म्हणतात. कुठलं गाव पटकीने उठलं, कुठलं वाघाने, कुठलं नुसतंच. जुनी छापील पुस्तकं चाळून मी नावं काढायचो, जमेल तिथे जाऊन यायचो आणि वेबसाइटवर एकेका रिठाचं पान लिहायचो. कोणी वाचत असेल असं मला वाटत नव्हतं. वाचणारे नाहीत म्हणूनच लिहायला धीर व्हायचा.

येनतुकूमचं नाव एका जुन्या पुस्तकात होतं: "येनतुकूम रिठ". फाल्गुनातल्या एका सकाळी मूल गावाच्या पुढे बसमधून उतरलो आणि पायवाटेने गेलो. वाटेत विचारायला एक गुराखी होता, पण तो लांब होता आणि हाक मारणं माझ्याने होत नाही. गाव समोर आलं तेव्हा मला वाटलं, इतकं चांगलं रिठ मी पाहिलं नव्हतं. वीस-पंचवीस घरं, भिंती उभ्या, छपरांवरचे मातीचे कवेलू जागेवर, दारं सताड उघडी. आत खाट नाही, भांडं नाही. चुली झाडून थंड केलेल्या. गोठ्यात दोरसुद्धा नाही. कोंबडी नाही, कुत्रं नाही. विजेचे खांब होते, पण खांब काय, रानातही असतात. पुस्तकात लिहिलं होतं रिठ आणि समोर रिठ होतं. मी घरोघर वाकून पाहिलं, फोनवर बोलून टिपणं केली, फोटो काढले.

एका घरात मात्र माठाच्या जागी मातीवर गोल ओल होती. माठ नव्हता, ओल होती. मी बोट लावलं. ओली माती बोटाला लागली.

मग मी तिथे थांबलो नाही. आणि ती ओल पानावर लिहिली नाही. त्याऐवजी एक वाक्य लिहिलं: "दिवेलागणीनंतर इथे कोणी थांबत नाही." हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते वाक्य कानाला बरं वाटलं, एवढंच.

वर्षभराने त्या घरातून पत्र आलं. आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही. वडिलांनी छप्पन साली चांद्याला, म्हणजे इथेच चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तेव्हापासून आमच्या घरात असल्या गोष्टी हसण्यावारी जातात. मी त्या वडिलांचा मुलगा, हजारो पुस्तकं हाताळलेला माणूस, ते पत्र हातात घेऊन बसलो. बोटाला ती ओल पुन्हा जाणवत होती. कुणीतरी थट्टा केली असेल, असं ठरवलं. पण थट्टा करणारा मुलाची सोयरीक अडली असं लिहीत नाही, हेही कळत होतं. पत्र घडी करून ठेवून दिलं.

हे सगळं सुनेला, पुनमला, सांगितलं असतं तर तेव्हाच निकाल लागला असता. पुनम ब्रह्मपुरीची. माझा मुलगा कुलदीप गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर असतो, आणि ही घरूनच नागपूरच्या एका कंपनीचं काम करते. लोक गूगलवर काय शोधतात, कुठल्या दुकानाची वेबसाइट वर येते, कुठली खाली जाते, असलं ते काम. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "मामाजी, तुमच्या वेबसाइटचे आकडे कधी पाहिले काय?"

"कसले आकडे?"

"कोण काय शब्द टाकून तुमच्या पानावर आलं, त्याचे. गूगल ठेवून राह्यलं न. पण सोळा महिन्यांचंच ठेवते. मागचं पुसून जाते."

पुसून जाते म्हटल्यावर मी कप खाली ठेवला. ग्रंथपालाला हा शब्द सहन होत नाही. "मग आपल्याकडे काढून ठेवता येतं?"

"येते न. डेटाबेसमंधी टाकू. दररोज आपोआप उतरून येईल असं करून देतो. पण टेबलं तुमी ठरवा, तुमाले शिस्त आहे."

तिच्या भाषेत ते टेबल, माझ्या डोळ्यांसमोर कार्डांचे खण होते. एक टेबल पानांचं, एक शोधशब्दांचं, एक तारखांचं. कुठला शब्द, कुठल्या दिवशी, कुठल्या पानाशी. किती वेळा पान लोकांना यादीत दिसलं, किती वेळा त्यांनी ते उघडलं, आणि यादीत ते कितवं होतं. खणांना एकमेकांशी बांधणारा एकेक क्रमांक. मला ते फार आवडलं. बऱ्याच दिवसांनी मला कुणाशीतरी जेवतानाही बोलावंसं वाटत होतं.

आकडे उतरले तेव्हा पुनम हसायला लागली. "मामाजी, तुमाले वाटे कोणी वाचत नाई म्हून. वाचतात. पण एकच पान वाचतात."

मला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"येनतुकूम. बाकी सगळे मिळून एवढुसे, अन् हे एकटं एवढं. पहिल्या नंबरवर आहे. येनतुकूम टाकलं का पहिले तुमी." तिने खाली सरकवलं. "येनतुकूम भूत. येनतुकूम झपाटलेलं गाव. येनतुकूम खरी कहाणी. कोणत्या तरी पोट्ट्यांनी तुमचं पान वाचून व्हिडिओ बनवलेला दिसते. सासरा माझा भूतवाला निघाला."

मी हसलो नाही म्हणून ती पुन्हा आकड्यांकडे वळली. मग म्हणाली, "एक गंमत पाहा. पानाची एकूण बेरीज इतकी, अन् शब्दांची बेरीज त्याच्याहून कमी. मधातले गायब आहेत."

"गायब?"

"जो शब्द थोडेच जण टाकतात तो गूगल दाखवत नाई. माणूस ओळखू येऊ नये म्हून. ते आले, पाहून गेले, मोजले गेले. पण काय विचारत होते ते नाई कळत."

तिच्यासाठी ती बेरजेतली तूट होती. माझ्या डोक्यात मात्र त्या तुटीत एक बाई बसलेली होती, गोल अक्षराची, आपल्याच गावाचं नाव टाकणारी. दुपारी पुनम आपल्या कामाला लागली की मी एकटा ते टेबल उघडायचो. भुताचे शब्द मी वाचत नसे. खाली, ज्या ओळींत 'दिसलं' पुढे आकडा होता आणि 'उघडलं' पुढे शून्य, त्या वाचत असे.

येनतुकूम बस. येनतुकूम रेशन दुकान. येनतुकूम अंगणवाडी. येनतुकूम धान खरेदी केंद्र.

ज्या गावात कोणी नाही तिथलं रेशन दुकान कोण शोधतं? त्यांनी बस विचारली, आणि त्यांना सर्वांत वर माझं पान दिसलं, मेलेलं गाव म्हणून. ते न उघडता पुढे गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्या ओळी वाचताना मला असं व्हायचं की मी रिकाम्या गावात उभा आहे, माणसं माझ्या अंगावरून येजा करताहेत आणि मला दिसत नाहीत. हे शब्द टाकणारी ती एकटीच असेल, अशी मी समजूत घातली. पुनमला आडून विचारलं.

"एकटी कशी?" ती म्हणाली. "हे दिसून राह्यलं म्हणजेच एकानं नाई विचारलं. गंज जणांनी विचारलं. एकटं माणूस दिसतच नाई, सांगितलं न."

मग गावांचं टेबल आलं. ही माझीच हौस. प्रत्येक पान कुठल्या गावाचं हे पक्कं बांधावं, म्हणून पुनमने सरकारी गावांची यादी आणली. तिच्यात प्रत्येक गावाला एक क्रमांक असतो. नावावरून पानं गावांना जोडली आणि महिन्याची बेरीज काढली, तर ती वाढून आली.

"येनतुकूम डबल मोजून राह्यलं," ती म्हणाली. "तुमचं पान दोन गावांले चिकटलं. हे पाहा. एक येनतुकूम, लोकसंख्या आहे, घरं आहेत. अन् एक येनतुकूम रिठ, लोकसंख्या शून्य. शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही नाई चालत मामाजी. तुमचं पान कोणत्याचं, एक सांगा."

मी कॉलेजात असताना एकाच नावाच्या दोन लेखकांची पुस्तकं एका खणात गेली तर शिपायाला बोललो असतो. नाही, बोललो नसतो, पण मनात चरफडलो असतो. आता माझंच पान दोन खणांत गेलं होतं.

"तुमी गेले होते न तिथी?"

"गेलो होतो."

"फोटो फोनवर काढले न? फोटोत जागा लिहून राहते." तिने मूळ फोटो उघडला, त्यातले आकडे नकाशावर टाकले. नकाशा मोठा करून पुन्हा पाहिला. "हे रिठ नाई," ती म्हणाली. "हे राहतं गाव आहे."

तेव्हा मी उठून ते पत्र आणून तिच्यापुढे ठेवलं.

तिने दोनदा वाचलं. "हे कधी आलं?"

मी पत्रावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"अन् तुमी काय केलं?"

"वाचलं."

"वाचलं," पुनम म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त लागलं. "मामाजी, बाईच्या पोराचं लग्न अडून आहे. उद्या जा."

"तिथे कोणी नव्हतं, पुनम. मी चुलीत हात घालून पाहिला. सगळं गाव रिकामं होतं. ते कसं?"

"मले काय मालूम? जाऊन विचारा न."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तीच पायवाट, पण या वेळी वाटेवर शेळ्या होत्या. गावाच्या तोंडाशी हापश्यावर बायका होत्या, खांबांवरच्या तारांतून घराघरांत वीज गेलेली होती, कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता. एक म्हातारा पारावर नातवाला घेऊन बसला होता. त्याने मला पाहिलं, झोळी पाहिली, पांढरा सदरा पाहिला. मग नातवाला उचललं, आत गेला आणि दार लावून घेतलं. हापश्यावरचं बोलणं थांबलं. मी कुणाकडे पाहावं ते कळेना. इतकी माणसं बघत असताना मला नेहमीच आपण नसतो तर बरं असं वाटतं; त्या दिवशी क्षणभर आपण खरोखरच नाही की काय असं वाटलं.

फोटोतलं घर सापडलं. दारात पन्नाशीची एक बाई धान पाखडत होती. मी म्हटलं, "वच्छलाबाई? मी नानाजी रामटेके. चंद्रपूरहून. ती वेबसाइट..."

तिने सूप खाली ठेवलं. "चपला काढा जी."

मी काढल्या. तिने माझ्या पायांकडे नीट पाहिलं.

"सरळ आहेत," ती म्हणाली. "या, बसा."

मी ओट्यावर बसलो. तिने पाणी आणून दिलं आणि मी पिईपर्यंत बघत राहिली.

"तुमीच होते न?"

"मीच होतो. पण त्या दिवशी इथे कोणीच नव्हतं बाई."

"कसे राहतील? गाव मोकळं केलं होतं न आमी." मला समजलं नाही हे पाहून ती सावकाश सांगू लागली. "त्या साली पोट्ट्यांले माता निघाली, अंगभर फोड. एकाची बरी झाली का दुसऱ्याले. मंग बुढ्यांनी ठरवलं, गाव मोकळं करा. सकाळी सगळं घेऊन निघायचं, ढोरं, कोंबड्या, भांडेकुंडे, खाटा. चूल थंडी करायची. दारं उघडे ठेवायचे. बोडीवर, तळ्याच्या काठी जाऊन रांधायचं-खायचं, अन् दिवस बुडाल्यावर वापस यायचं. बिमारी घरोघरी फिरून पाहते. कोणी दिसलं नाई तं निघून जाते. त्या दिवशी माणसानं गावात पाय नाई ठेवायचा. अन् ठेवला कोणी, तं तो माणूस नोहे."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"बोडीच्या पाळीवरून डोमाबुढ्यानं पाहिलं. पांढरे कपडे. एका घरातून निघे, दुसऱ्यात शिरे. वाकून वाकून पाहे. भिंतीशी बोले. सगळ्यात जास्त वेळ माझ्या घरात राह्यला, अन् तिथून जो निघाला तो पळतच निघाला. त्या दिवसापासून माझं घर बाटलं. मातेनं इथीच मुक्काम केला म्हणतात. लोक माझ्या घरचं पाणी पीत नाई जी. तुमी आज पेले."

"माठाखाली ओल होती," मी म्हणालो. "तिला भ्यालो मी."

"माठ संगं नेला होता. पाणी काय बिमारीले ठेवून जाऊ?" तिच्या तोंडावर हसू येतं की काय असं वाटलं, पण आलं नाही. "भिंतीशी काय बोलत होते?"

"फोनवर टिपण करत होतो. इथे कोणी राहत नाही, असं."

ती काही वेळ धानातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "धनराजची सोयरीक जुळली होती. पोरगी चांगली, नर्सचं शिकलेली. तिच्या बापाच्या कानावर गेलं. मी म्हटलं, भूत नोहे, फोटो काढणारा होता, हे पाहा कॉम्प्युटरवर माझ्याच घराचा फोटो आहे. भूत काय फोटो काढते? त्यानं पान वाचलं. म्हणे, इथी तं लिहून आहे का कोणी राहत नाई म्हून. मंग तुमी कोण?"

मंग तुमी कोण. हे त्या माणसाने रागाने म्हटलं असेल की नुसतं, मला माहीत नाही. ती सांगताना तिचा आवाज फार सपाट होता.

"तवा तुमाले पत्र टाकलं. पत्ता पानाच्या खाली होता. उत्तर आलं नाई. मंग मलेही वाटे, का खरंच कोणी आलं नसंल. मंग पत्र कोणाले गेलं? चूल विझली का मी हात ठेवून पाहो, ऊब आहे का म्हून."

मी झोळीतून कागद काढला. "आत्ता लिहून देतो. तारीख घालून, सही करून."

"इथी नाई जी. इथी लिहिलं तं म्हणतील, कोणाले तरी बसवून लिहून घेतलं. तुमी आपल्या घरून पोस्टानं पाठवा. पोस्टमन पाराजवळ उभा राहून नाव घेते, सगळ्यांसमोर देते. त्याच्यावर शिक्का राहते, तुमचा पत्ता राहते. भुताले पत्ता नाई राहत. पोरीचा बाप अक्षय तृतीयेपावेतर थांबतो म्हणते. ज्याले पाहायचं तो तुमच्या दारी येऊन पाहून जाईल. चालंल न?"

लोक माझ्या दारी येतील, मला पाहतील, प्रश्न विचारतील. "चालेल," मी म्हणालो.

परत येताना पाराजवळचं दार थोडं उघडं होतं. फटीतून मघाचा म्हातारा बघत होता; हाच डोमाबुढा असणार. थांबून त्याला काही सांगावं असं मनात आलं. माझ्याने झालं नाही. मी नुसते हात जोडले आणि चालू लागलो. दार पुन्हा लागलं.

घरी आल्यावर आधी पान नीट केलं. पुनम बाजूला बसली होती. पान येनतुकूम रिठावरून काढून येनतुकूमला जोडलं, बेरीज जुळली. घराचा फोटो काढला, ते वाक्य काढलं, आणि लिहिलं की हे राहतं गाव आहे, मी गाव मोकळं केलेल्या दिवशी गेलो होतो आणि न विचारता लिहिलं.

"पहिला नंबर जाईल मामाजी," पुनम म्हणाली. "भुतावर आलेले लोक आता कायले येतील?"

"जाऊ दे."

"अन् ह्या जुन्या ओळी? भूत, झपाटलेलं... पुसू काय टेबलातून?"

मोह झाला. पण पुसू नको म्हणालो. माझ्या पानाने काय केलं, ते कुठेतरी राहायला हवं.

पत्र मात्र लवकर जमेना. पहिलं लिहिलं ते चार पानांचं झालं. त्यात जुन्या पुस्तकाचा संदर्भ होता, रिठ शब्दाचा अर्थ होता, माझ्या स्वभावाबद्दल बरंच होतं. पुनमने वाचून विचारलं, "हे पत्र आहे का प्रस्तावना? पोस्टमन पाराजवळ उभा राहून एवढं वाचंल?" दुसरं लिहिलं त्यात दिलगिरी इतकी होती की मुख्य गोष्ट शोधावी लागली. शेवटी वच्छलाबाईने मागितलं होतं तेवढंच लिहिलं:

"सौ. वच्छलाबाई मोहुर्ले यांस. फाल्गुनात गाव मोकळं होतं त्या दिवशी तुमच्या गावात आणि तुमच्या घरात शिरलेला माणूस मीच. दुसरं कोणी नव्हतं. मला रीत माहीत नव्हती आणि मी कोणाला विचारलं नाही. तुमच्या घरात माणसं राहतात. मी त्यांच्या हातचं पाणी प्यालो आहे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी खालच्या पत्त्यावर यावं, मी घरीच असतो. नानाजी रामटेके."

ओळी पुरेशा आहेत की नाहीत हे मला अजून कळत नाही. डोमाबुढा ते मानेल का, मुलीचा बाप मानेल का, तेही माहीत नाही. 'सौ.' बरोबर आहे का, इथपासून शंका होती; धनराजच्या वडिलांबद्दल मी विचारलंच नव्हतं. शेवटी 'सौ.' खोडून 'श्रीमती' केलं. मग खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून सगळं पत्र पुन्हा उतरवून काढलं.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "पाठवणाऱ्याचा पत्ता नाही लिहिला, काका."

रांगेतून बाजूला होऊन मी तो लिहिला. नाव, घर क्रमांक, वार्ड, चंद्रपूर, पिन. पाकीट परत दिलं आणि शिक्का नीट उमटेल असा मारा म्हणालो. तिने शाईवर शिक्का दाबला, पाकिटावर मारला, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.